चवड्याचं दुखणं आणि जोड्याचा नंबर



या वीकेंडचा विषय जरा खालच्या पातळीवरचा आहे. शब्दशः खालच्या. पायाची बोटं, आणि बोटांच्या लगेच मागे तळव्याचा जो गादीसारखा भाग असतो तो. मराठीत त्याला 'चवडा' असा नेमका शब्द आहे. शाळेत पीटीचे सर 'चवड्यावर उभे राहा' म्हणून ओरडायचे, आठवतं? शाळा सुटली आणि शब्दही सुटला. आता तिथे दुखलं की आपण 'पायाला पुढे कुठेतरी दुखतं' एवढंच सांगतो. आणि ज्या अवयवाचं नावच धड घेता येत नाही, त्याच्या दुखण्याकडे कोण लक्ष देणार?

कंबर दुखते म्हटलं की ऑफिसात चार जण खुर्ची बदलून देतात. मान दुखते म्हटलं की मॉनिटरखाली पुस्तकं रचून मिळतात. पायाचं बोट दुखतं म्हणा, आमच्या नागपुरात उत्तर ठरलेलं: "काही नाही होत बे, चालून चालून मोकळा होईन." पायातली वहाण पायातच बरी म्हणणारे आपण लोक. पायालाच खालचा दर्जा, मग त्याच्या तक्रारीला कोण विचारतो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चवडा आणि बोटं दुखत असतील तर गोळी, मलम आणि एमआरआय यांच्या आधी जोड्याची चौकशी करा. तीही लांबीची नाही, रुंदीची. आणि 'नवा जोडा चावायचाच, वापरून सैल होतो' हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. आता हे का म्हणतो ते सविस्तर.

आधी चवडा करतो काय ते बघू. पाऊल टाकताना टाच आधी टेकते, मग वजन पुढे सरकतं, आणि टाच उचलली की त्या क्षणी शरीराचा सगळा भार चवड्यावर असतो. तिथे पाच लांब हाडांची टोकं ओळीने बसलेली आहेत. त्यातलं अंगठ्याचं सगळ्यात जाड, आणि त्याच्या खाली शेंगदाण्याएवढी दोन छोटी हाडं, कप्पीसारखी. दिवसाला आठ हजार पावलं चाललात तर प्रत्येक चवड्यावर हे चार हजार वेळा होतं. आता यात तीन गोष्टी बिघडवा. टाच उंच करा, म्हणजे उभ्या उभ्याच वजन पुढे ढकललं जाईल. पुढचा भाग चिंचोळा करा, म्हणजे पसरायला हवी ती हाडं एकमेकांवर दाबली जातील. आणि तळ पातळ, कडक ठेवा, म्हणजे धक्का सरळ हाडाला बसेल. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या की जे तयार होतं त्याला दुकानात 'फॉर्मल शू' म्हणतात. बायकांच्या जोड्यात तर तिन्ही गोष्टी आणखी जोरात.

हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. केंब्रिजमध्ये संशोधकांनी मध्ययुगातल्या १७७ सांगाड्यांचे पाय तपासले. २०२१ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या लोकांत अंगठा बाकीच्या बोटांकडे वाकलेला दिसला तो ६ टक्क्यांत. चौदाव्या-पंधराव्या शतकात तेच प्रमाण २७ टक्के! मधल्या काळात काय झालं? तर लांब टोकदार जोड्यांची फॅशन आली. दुसरा अभ्यास हाँगकाँगचा, १९५८ सालचा. जोडे घालणाऱ्यांत वाकड्या अंगठ्याचं प्रमाण ३३ टक्के, आणि जन्मभर अनवाणी राहिलेल्यांत २ टक्क्यांपेक्षाही कमी. आता, अंगठा वाकडा होण्यात घराण्याचाही वाटा असतो. आईचा वाकडा असेल तर लेकीचा होण्याची शक्यता जास्त. पण घराणं बदलता येत नाही, जोडा बदलता येतो.

मग आपण जोडा बदलत का नाही? कारण आपल्याला जोड्याचा एकच आकडा माहीत आहे. "कितवा नंबर?" "आठ." संपला विषय. हा आठ नंबर कुठून आला? इंग्लंडातून. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि ते माप ठरलं जवाच्या एका दाण्याच्या लांबीवरून! इंग्रज गेले पण त्यांचा जवाचा दाणा आपल्या पायात अडकून राहिला. त्यात लांबीचा हिशोब आहे. रुंदीचे वेगळे नंबर तिकडे मिळतात, आपल्या दुकानात सहसा नाहीत. मग रुंद पायाचा माणूस काय करतो? एक नंबर मोठा घेतो. आता जोडा लांबीला ढगळ झाला, पाय आत पुढे सरकतो आणि बोटं पुन्हा चिंचोळ्या भागात जाऊन बसतात. मूळ बग तसाच, वर आणखी एक नवीन. आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

आणि आपले पाय रुंद आहेत हे नुसतं माझं मत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर पायांची मोजणी केली. ७९ ठिकाणं, एक लाखाहून जास्त माणसं, थ्री-डी स्कॅनर लावून. निष्कर्ष असा की भारतीयांचे पाय सर्वसाधारणपणे युरोपीय आणि अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात, आणि त्यामुळे लोक घट्ट किंवा मग ढगळ जोडे वापरतात. त्यावरून 'भा' नावाची (भारताचा भा) स्वतंत्र माप-पद्धत सुचवण्यात आली. २०२४ मध्ये याच्या बातम्या आल्या, आपण त्या मोबाईलवर वर सरकवल्या, आणि पुढच्या सेलमध्ये पुन्हा आठ नंबर मागवला. तोही ऑनलाइन, न घालता.

आता दुखण्याकडे वळू. 'चवडा दुखतो' म्हणजे एकच आजार नाही. नेमकं कुठे आणि कसं दुखतं, त्यावर बरंच कळतं. डॉक्टरांकडे जातानाही हे नीट सांगता आलं तर अर्धं काम होतं.

चवड्याच्या मधोमध, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी दुखतं, उभं राहिलं की वाढतं, बसलं की कमी होतं, आणि तिथली कातडी जाड होऊन घट्टा पडलाय. हे सगळ्यात नेहमीचं. त्या हाडांच्या टोकांवर वाट्यापेक्षा जास्त वजन येतंय, एवढाच त्याचा अर्थ. घट्टा हा आजार नाही, तो पुरावा आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये आग होते, करंट मारल्यासारखं होतं, बोटांत मुंग्या येतात, आणि जोड्यात खडा गेल्यासारखं वाटतं पण झटकला तर काहीच पडत नाही. जोडा काढून पाय चोळला की बरं वाटतं. ही नस दाबली जाऊन जाड होण्याची लक्षणं. फिलाडेल्फियाच्या मॉर्टन नावाच्या सर्जनने १८७६ मध्ये यावर लिहिलं, म्हणून त्याचं नाव मॉर्टन्स न्यूरोमा. नाव ऐकून घाबरू नका, ही कॅन्सरची गाठ नव्हे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखतं आणि अंगठा वर वळतच नाही, तर सांधा झिजून आखडलेला असू शकतो. अंगठा बाजूला वाकलाय आणि आतल्या बाजूला हाड वर आलंय, तर तो मघाचा केंब्रिजवाला प्रकार.

रात्री अचानक अंगठ्याचं मूळ लालभडक, गरम, सुजलेलं, पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही? हा बहुधा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचणं. यात जोड्याचा दोष नाही, डॉक्टर गाठा. आणि एक लक्षात ठेवा, ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. एका रिपोर्टवरून 'गाऊट नाही' म्हणून मोकळं होऊ नका. ताप असेल किंवा कातडी फुटलेली असेल तर जंतुसंसर्गाची शंका आधी, तिथे एक दिवसही थांबायचं नाही.

आणि शेवटचं, चालणं-पळणं एकदम वाढवल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला, एका ठरावीक हाडावर बोट ठेवलं की कळ येते. हे हाडाला गेलेलं बारीक चीर असू शकतं. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या एका डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले पाय बघून पहिल्यांदा याचं वर्णन केलं. आजचे सैनिक म्हणजे आपण! वर्षभर खुर्चीत बसून मॅरेथॉनच्या दोन आठवडे आधी पळायला लागणारे, किंवा नवरात्रात थेट कोराडीपर्यंत पायी निघणारे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल, पळा' असं नसतं.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून क्रमानेच.

पहिलं, जोडा. आज रात्री कोऱ्या कागदावर दोन्ही पाय ठेवून उभे राहा आणि पेनने कड काढा. बसून नाही, वजन टाकून. त्यावर तुमचा रोजचा जोडा ठेवा. जोड्याच्या बाहेर रेष दिसली म्हणजे तेवढा पाय तुम्ही रोज दहा तास आत कोंबताय. नवीन घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. दोन्ही पायांत घालून बघा, दोन्ही सारखे नसतात. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी (सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही), आणि बोटं आत हलवता आली पाहिजेत. सीताबर्डीत दुकानदार म्हणेल, "साहेब, लेदर आहे, सैल होईल." त्याला नम्रपणे सांगा, सैल झाल्यावर घेईन.

दुसरं, वजन वाटून घेणं. मेडिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन चवड्याचे पॅड मिळतात, महाग नसतात. पण बहुतेक जण ते दुखऱ्या जागेच्या बरोबर खाली लावतात. ते चुकीचं. दुखऱ्या जागेच्या थोडं मागे, टाचेच्या बाजूला लावायचं, म्हणजे हाडांची टोकं किंचित उचलली जातात आणि भार मागे सरकतो. एवढ्या एका बदलाने पुष्कळांना आराम पडतो. अंगठ्याचा सांधा आखडलेला असेल तर उलट कडक तळाचा जोडा बरा, कारण त्यात अंगठा कमी वळतो.

तिसरं, पोटऱ्या. दिवसभर खुर्चीत बसून पोटरीचे स्नायू आखडतात, मग टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर जास्त वेळ भार पडतो. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटवून अर्धा मिनिट ताण, प्रत्येक पायाला तीन वेळा. बिल्ड होईपर्यंत होऊन जातं.

चौथं, घरातली फरशी. वर्क फ्रॉम होममुळे आपण दिवसभर टाइल्सवर अनवाणी फिरतो. कडक फरशीवर चवडा दुखत असेल तर घरात घालायची वेगळी मऊ चप्पल ठेवा. आमच्या बेस्यातल्या नव्या स्कीममध्ये सगळीकडे त्या चकचकीत टाइल्स. दिसायला झकास, पायाला दगड.

हे सगळं प्रामाणिकपणे करून चार-सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. इंजेक्शन आणि ऑपरेशन त्याच्याही पुढे, आणि ऑपरेशन दुखण्यासाठी, दिसण्यासाठी नाही. वेदनाशामक गोळी दोन-चार दिवस ठीक, डॉक्टरांना विचारून. पण गोळी खाऊन त्याच जोड्यात पुन्हा दहा तास काढणं म्हणजे एरर मेसेज बंद करून सर्व्हर चालू ठेवणं.

यातला एक वर्ग मात्र पूर्ण वेगळा: ज्यांना मधुमेह आहे ते. २०२३ मध्ये आयसीएमआरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात मधुमेह असलेले १० कोटींच्या वर आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्या घरात कोणी ना कोणी आहेच. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. त्यांना जोडा चावतो पण कळत नाही. फोड येतो, जखम होते, चिघळते, आणि कळतं तेव्हा बोट कापायची वेळ आलेली असते. म्हणून बाबांचे पाय रोज रात्री उजेडात बघा, बोटांच्या मधल्या फटींसकट. कुरूप काढायच्या त्या ॲसिडच्या पट्ट्या आणि ब्लेड त्यांच्या हाती देऊ नका. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या धाग्याने तपासतात, पाच मिनिटांचं काम.

इथे मला आपल्या विदर्भाची आठवण होते. नागपूरहून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर वरोरा आणि तिथलं आनंदवन, बाबा आमटेंनी १९४९ मध्ये उभं केलेलं. कुष्ठरोग्यांच्या हातापायाची बोटं रोगानेच झडतात असं तेव्हा लोक समजत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि त्यांनी दाखवून दिलं की बोटं झडत नाहीत, ती दुखत नाहीत म्हणून झिजतात. खिळा लागला तरी माणूस चालत राहतो, कारण थांब म्हणणारी वेदनाच नसते. मग ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं? मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला. पायावरचा दाब पसरवणाऱ्या, कुठे न रुतणाऱ्या. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात या एमसीआर चपला आजही देतात.

म्हणजे बघा, ज्याला वेदना कळत नाही त्याच्यासाठी पायाला साजेसा जोडा करायची अक्कल या देशात सत्तर वर्षांपासून आहे. आणि ज्यांना वेदना नीट कळते, ते आपण, ती दाबून चिंचोळ्या जोड्यात मीटिंगला जातो. ज्या इशाऱ्यासाठी त्या रुग्णांनी काहीही दिलं असतं, तो आपल्याला फुकट मिळतो आणि आपण तो म्यूट करतो.

"मग काय अनवाणी फिरायचं?" असं लगेच कोणीतरी विचारेल. नाही. मे महिन्यात नागपूरच्या डांबरावर अनवाणी पाऊल ठेवून बघा, उत्तर मिळेल. "मग कोल्हापुरी?" बोटं मोकळी राहतात हा तिचा मोठा गुण, २०१९ मध्ये जीआय मानांकनही मिळालं, पण तळ कडक आणि पातळ, त्यामुळे दुखऱ्या चवड्याला ती दिवसभरासाठी नाही. सध्या 'बेअरफूट शूज'चं जे फॅड आहे, त्यातली रुंद बोटांची जागा चांगली, पण पातळ तळावर एकदम उडी मारलीत तर मघाचं ते बारीक चीर वाट बघतंय. कुठलाही ब्रँड हा उपाय नाही. आकार हा उपाय आहे.

आणि थोडं ऑफिसांबद्दल. सोमवार ते गुरुवार फॉर्मल शूज सक्तीचे करणाऱ्या कंपन्यांना माझा साधा प्रश्न आहे: क्लायंट व्हिडिओ कॉलवर आहे, त्याला माझे पाय कधी दिसतात? मुलींना तर 'प्रोफेशनल' दिसायला हील आणि घरी 'सून' दिसायला जोडवी, दोन्ही एकाच बंद जोड्यात. दुसऱ्या बोटातलं जोडवं शेजारच्या बोटात रुतून तिथे कुरूप होतं. एर्गोनॉमिक खुर्चीवर हजारो रुपये घालणाऱ्या एचआरने 'स्वच्छ, नीटनेटके, पायाला बसणारे जोडे' एवढी एक ओळ पॉलिसीत घातली तर एक पैसा खर्च होणार नाही. ती ओळ मागायची लाज वाटायचं कारण नाही. जोडवी ऑफिसपुरती काढण्याबद्दल सासूबाईंशी बोलायचं असेल, तर ते मात्र नवऱ्याने बोलावं.

असो. कागद आणि पेन घेऊन आज रात्री ती रेष काढाच. स्वतःची काढा, आणि घरी आईबाबा असतील तर त्यांचीही. दहा मिनिटं लागतात. आणि जोडा रेषेच्या आत निघाला, तर सोमवारी तो घालू नका.